दिवे गेल्यावर कोण बोलणार?

मी विजेचा माणूस. सामना बघायला गेलो तरी माझी मान वरच असते. फलंदाज बाद झाला की अख्खं स्टेडियम ओरडतं आणि मी शेजाऱ्याला विचारतो, ‘कोण गेला?’ आमच्या घरात या सवयीची पुष्कळ थट्टा होते. २७ फेब्रुवारी १९९६ ला वानखेडे स्टेडियमवर पहिल्यांदा दिव्यांच्या उजेडात आंतरराष्ट्रीय सामना झाला. विश्वचषकाची स्पर्धा, समोर ऑस्ट्रेलिया. सचिन तेंडुलकरनं ९० धावा केल्या, भारत १६ धावांनी हरला. लोकांना सचिन बाद झाला तो क्षण आठवतो. मला आठवते ती तिन्हीसांजेची वेळ. ऊन कलत होतं, दिवे आधीच लागलेले होते, आणि सूर्याचा उजेड कधी संपला नि दिव्यांचा कधी सुरू झाला, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात येऊ न देणं हेच आमचं काम.

रात्रीचं क्रिकेट आता इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं कुणाला काही वाटत नाही. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या मंडळींनी १९७७ मध्ये दिव्याखाली खेळायला सुरुवात केली. पहिला अधिकृत एकदिवसीय सामना सिडनीला १९७९ मध्ये झाला आणि आपल्याकडे दिल्लीत २८ सप्टेंबर १९८४ ला. तेव्हापासून मैदानावर उजेड कसा पाडायचा याचं शास्त्र खूप पुढं गेलं. आज मात्र मला दिवे कसे लागतात त्यापेक्षा ते गेल्यावर काय होतं, याबद्दल जास्त बोलायचं आहे. पण दिवे जाणं समजायचं तर आधी ते लागतात कसे, हे थोडं सांगावं लागेल.

उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. स्वच्छ पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. तेवढ्यात आपण वाट चालू शकतो, पण वर्तमानपत्र वाचू शकत नाही. घरात ट्यूबलाईटखाली शंभर-दीडशे लक्स मिळतात. भर दुपारच्या उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो. गावच्या मैदानावर सरावाला दोन-तीनशे लक्स चालतात. टीव्हीवर दाखवायचा मोठा सामना असेल तर दीड-दोन हजार आणि त्याहूनही वर जावं लागतं. खेळाडूला एवढ्या उजेडाची गरज नसते, ती गरज कॅमेऱ्याची. माणसाचा डोळा समजूतदार आहे, कॅमेरा नाही.

आता गंमत अशी, की जमिनीवर किती उजेड पडतो याला फारसं महत्त्व नाही. चेंडू काही जमिनीवर चिकटून राहत नाही आणि आपण बघतो ते खेळाडूचं तोंड, त्याच्या टाळूवरचा उजेड नव्हे. म्हणून आम्ही लक्समीटर आडवा धरतो तसा उभाही धरतो. मैदानावर चुन्याच्या खुणा करून चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात उभं राहून चारही दिशांनी मोजायचं. हे काम रात्री चालतं, दव पडल्यावर. पहाटेपर्यंत चपला भिजतात. एका चौकोनात दोन हजार आणि शेजारच्यात नऊशे निघाले, तर सरासरी कितीही चांगली असो, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक झेल सोडणार. उंच उडालेला चेंडू उजेडातून अंधाऱ्या पट्ट्यात आणि पुन्हा उजेडात आला की त्याचा वेगच कळत नाही.

मनोरे एवढे उंच का, असं लोक विचारतात. दिवा खाली असला तर तो खेळाडूच्या डोळ्यात जातो. समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा आठवा. तोच दिवा उंचावरून खाली वाकून पाहू लागला की डोळे दिपत नाहीत. चार मनोरे असतील तर खेळाडूच्या पायाशी चार सावल्या फुलीसारख्या पडतात. छताच्या कडेनं दिव्यांची ओळ लावली तर त्या सावल्या विरघळून जातात. नवी मैदानं बहुतेक त्या वाटेनं जातात.

आणखी एक गोष्ट सहसा दिसत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, म्हणून जुन्या पद्धतीचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, पण संथ गतीच्या कॅमेऱ्याला कळतं आणि पडद्यावर चित्र फडफडतं. त्यावर जुना उपाय असा, की शेजारशेजारच्या तीन दिव्यांना तीन वेगवेगळ्या फेज द्यायच्या. एक मंदावतो तेव्हा दुसरे दोन भर घालतात. त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. एक फेज गेली तर सगळं मैदान काळं होत नाही, तिसरा हिस्सा दिवे जातात आणि तेही विखरून.

मेटल हॅलाइड नावाचे दिवे कित्येक वर्षं मैदानांवर राज्य करत होते. एकेक दोन हजार वॉटचा. समजा एका मनोऱ्यावर शंभर दिवे आणि मनोरे चार, तर नुसत्या दिव्यांना आठशे किलोवॅट लागतात. तीनशे घरांची एक वसाहत आरामात चालेल एवढी ही वीज. हा दिवा नव्या सुनेसारखा हळूहळू रुळतो. पूर्ण तेजाला यायला काही मिनिटं घेतो. आणि पेटलेला असताना क्षणभर जरी वीज गेली तर पुन्हा लगेच पेटत नाही. आतला वायू तापून दाबाखाली असतो. तो निवेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही कितीही बटणं दाबा, काही उपयोग नाही. गरम दिवा लगेच पेटवणारी उपकरणं मिळतात, पण त्यांना कित्येक हजार व्होल्टचा झटका द्यावा लागतो आणि ती महाग पडतात. एलईडी आल्यापासून हे दुखणं गेलं. बटण दाबलं की दिवा लागतो. त्यामुळे नव्या इंजिनिअर मंडळींना वाटतं, प्रश्न मिटला. मला तसं वाटत नाही. का ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका जिल्ह्याच्या गावी मोठी कबड्डी स्पर्धा होती. रात्रीचे सामने, तात्पुरत्या लोखंडी पाइपांच्या गॅलऱ्या, वर फळ्या टाकलेल्या. सात-आठ हजार माणूस असावं. विजेचा आराखडा मी केला होता. त्या कागदावर सही माझी होती, हे आधीच सांगून टाकतो.

दुपारी वळवाचा पाऊस येऊन गेला. संध्याकाळी ऊन पडलं, माती फिरवली, सामने सुरू झाले. नऊच्या सुमाराला उपांत्य सामना रंगात आला असताना सगळं एकदम काळं झालं. चरात पुरलेल्या केबलच्या एका सांध्यात पाणी शिरलं होतं. गळती ओळखणाऱ्या रिलेनं आपलं काम चोख केलं आणि मुख्य ब्रेकर पाडला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. फक्त त्या एका ब्रेकरवर मी सगळंच लावून ठेवलं होतं. मैदानाचे दिवे त्यावर, जिन्यांवरचे दिवे त्यावर, दारावरचे बल्ब त्यावर आणि निवेदकाचा लाऊडस्पीकरही त्यावरच. एक पॅनेल, एक मीटर, हिशेबाला सोपं.

पहिलं मिनिटभर लोक मजेत होते. शिट्ट्या झाल्या, कुणी काड्या पेटवल्या. निवेदक माइकसमोर बसून बोलत होता, त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नव्हता. आम्ही पॅनेलकडे धावलो. ब्रेकर पुन्हा उचलला की पडत होता. आणि तेवढ्यात उत्तरेच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, ‘गॅलरीत करंट उतरला!’

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. ते खोटं होतं. वीज बंद होती, करंट येणार कुठून? पण लोखंडी पाइप, ओल्या फळ्या, अंधार आणि खरं काय ते सांगणारं कुणी नाही. माणसं गॅलरीच्या मागच्या बाजूनं खाली उड्या टाकायला लागली. आठ-नऊ फूट उंची. खाली कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. जिन्यावर रेटारेटी सुरू झाली. बायकांच्या बाजूला लहान मुलं होती. त्यांचं रडणं मला पॅनेलपाशी ऐकू येत होतं, आणि माझ्या हातात टेस्टर होता.

वाचवलं ते मंडपवाल्यानं. गावात स्पर्धेची जाहिरात करत फिरणारी त्याची रिक्षा दारापाशी उभी होती. तिच्यावर कर्णा, आत बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर. त्या माणसानं रिक्षा सरळ मैदानात घातली, तोंड उत्तरेच्या गॅलरीकडे केलं आणि रोज ज्या सुरात तो ‘या, या’ म्हणायचा त्याच संथ सुरात बोलला, ‘मंडळी, करंट नाही. लाईट गेलीय. पाइपाला मी हात लावून उभा आहे. बसून घ्या. लाईट यायला पंधरा मिनिटं लागतील.’ हेच तो पुन:पुन्हा सांगत राहिला. आणि लोक बसले. खरंच बसले. अंधार तेवढाच होता, पण लोक बसले.

दिवे वीस मिनिटांनी आले. अकरा जणांना लागलं, बहुतेकांचे पाय मुरगळले, एका मुलाचा हात मोडला. रात्री सिव्हिल हॉस्पिटलात मी त्या मुलाच्या वडिलांशेजारी बाकावर बसलो होतो. त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही कोण?’ मी म्हणालो, ‘लाईटचा.’ ते म्हणाले, ‘लाईट जातेच हो. पण सांगायचं तरी.’

लाईट जातेच. ही गोष्ट जगातल्या सगळ्यात श्रीमंत मैदानांनाही लागू आहे. ३ फेब्रुवारी २०१३ ला अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये त्यांच्या फुटबॉलचा सुपर बोलचा सामना चालू होता. सत्तर हजारांवर प्रेक्षक, शिवाय टीव्हीपुढे कोट्यवधी. दुसरा डाव सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. अर्धं स्टेडियम अंधारात गेलं आणि खेळ ३४ मिनिटं थांबला. पुढे कळलं की रक्षणासाठी नव्यानं बसवलेल्या एका रिलेनंच पुरवठा तोडला. आमच्या कबड्डीच्या मैदानासारखंच. पण तिथं काही दिवे टिकून होते, आणि वीजपुरवठ्यात अडथळा आलाय, जागेवर बसून राहा, अशी घोषणा प्रेक्षकांना ऐकू आली. लोक बसून राहिले आणि कंटाळले. मैदानावर वीज गेल्यावर लोक कंटाळणं म्हणजे आमच्या धंद्यात उत्तम निकाल.

तर त्या कबड्डीनंतर मी आराखडे काढायची पद्धत बदलली. आधी आवाजाची तार काढायची, मग दिव्यांची. घोषणेच्या यंत्रणेला तिची स्वत:ची बॅटरी. जनरेटर कितीही चांगला असला तरी सुरू होऊन भार घ्यायला आठ-दहा सेकंद घेतो, आणि अंधारातले दहा सेकंद फार लांब असतात. तेवढा वेळ बॅटरीनं भरून काढायचा. जिन्यांच्या दिव्यांचंही तसंच. मैदानावरचे दिवे दोन वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवर आळीपाळीनं वाटायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. एक बाजू गेली तरी पट अर्धा उजळलेला राहतो. कर्ण्यांच्याही दोन तारा वेगळ्या वाटेनं न्यायच्या. एकाआड एक कर्णा पहिल्या तारेवर, मधले दुसऱ्या तारेवर. एक तार जळली तर आवाज कमी होईल, पण मुका होणार नाही. आणि या तारा दिव्यांच्या केबलबरोबर एकाच चरात टाकायच्या नाहीत. हे लिहिलेलं सगळीकडे असतं. चर खणणाऱ्या माणसाला मात्र दोन चर खणायचे पैसे कुणी देत नाही, म्हणून प्रत्यक्षात ते एकाच चरात जातात. स्वत: उभं राहून बघावं लागतं.

आवाज नुसता पोहोचून चालत नाही, तो समजला पाहिजे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या एका टोकाला मोठा कर्णा लावला तर १७० मीटरवरच्या माणसाला तो अर्ध्या सेकंदानं ऐकू येतो. त्याच्या शेजारी दुसरा कर्णा असेल तर त्याचा आवाज आधी, लांबच्याचा नंतर, आणि समोरच्या भिंतीवरून आपटून आलेला त्याच्याही नंतर. तीन वाक्यं एकमेकांत मिसळली की रेल्वे स्टेशनवरची घोषणा तयार होते. म्हणून मोठा एक कर्णा लावण्यापेक्षा लहान पुष्कळ लावायचे, लोकांच्या जवळ लावायचे, आणि लांबच्यांचा आवाज मुद्दाम तेवढा उशिरा सोडायचा की सगळे एकत्र पोहोचावेत. शब्द किती स्पष्ट कळतात हे मोजायला शून्य ते एक असा निर्देशांक असतो. तो ०.५ च्या खाली गेला तर संकटाच्या वेळी त्या यंत्रणेवर भरवसा ठेवता येत नाही.

आकडा मशीन देतं. पण भाषा आपली आहे आणि तिच्या खोडी मशीनला ठाऊक नाहीत. घुमणाऱ्या जागेत स्वर टिकतात, व्यंजनं वाहून जातात. आता ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ यांत फरक किती? एका ‘त’चा. ‘या’ आणि ‘जा’ यांत? एका अक्षराचा, आणि अर्थ बरोबर उलटा! ‘सात’ आणि ‘आठ’ दोन्ही लांबून ‘आ’ एवढेच ऐकू येतात. म्हणून मी आग्रह धरतो की घोषणेत इकडे-तिकडे नको, उजवं-डावं तर नकोच, कारण समोरासमोरच्या स्टँडचं उजवं उलट असतं. दारांना रंग द्या. ‘पिवळ्या दारानं बाहेर पडा.’ पिवळं आणि निळं यांत घोटाळा होतो, म्हणून एकावेळी त्यातला एकच रंग वापरा. वाक्य पाच-सहा शब्दांचं. आधी गाणी बंद, मग दोन सेकंद शांतता, मग वाक्य, तेच पुन्हा. आणि ‘घाबरू नका’ हे शब्द कधीच उच्चारू नका. ते ऐकलं की जो घाबरला नव्हता तोही घाबरतो. त्या मंडपवाल्यानं ते म्हटलं नव्हतं. त्यानं काय झालंय आणि किती वेळ लागेल, एवढंच सांगितलं.

आता कॅमेऱ्यांकडे येतो. सुरक्षेचा विषय निघाला की पुढारी, पत्रकार, सगळे विचारतात, ‘कॅमेरे किती?’ शंभर सांगितले की समाधान होतं. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर जे घडलं ते या प्रश्नाचं उत्तर आहे. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा फुटबॉलचा उपांत्य सामना. लेपिंग्ज लेन बाजूच्या फिरत्या दारांपाशी बाहेर गर्दी दाटली. ती मोकळी करायला २ वाजून ५२ मिनिटांनी एक मोठं दार उघडण्यात आलं. लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ आत गेले. त्या बोगद्यापुढे मधले दोन कठडेबंद कप्पे होते, ते आधीच भरलेले. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे जा असं सांगणारं कुणी नव्हतं. बोगदा बंद केला असता तरी भागलं असतं. तोही कुणी केला नाही. ३ वाजून ६ मिनिटांच्या सुमाराला खेळ थांबवला. ९७ माणसं गेली. त्यातला शेवटचा माणूस २०२१ मध्ये, त्याच दिवशीच्या दुखापतींनी.

पोलिसांचा नियंत्रण कक्ष त्याच टोकाला, वरून सगळं दिसेल असा होता. कॅमेरे होते, पडदे होते, खिडकी होती. दिसत होतं. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य दोष ठेवला तो गर्दी हाताळण्यातल्या पोलिसांच्या अपयशावर. मी तो अहवाल विजेच्या माणसाच्या नजरेनं वाचला. मला त्यात दिसलं ते असं, की बघणारा डोळा आणि दार बंद करणारा हात यांच्यात तार नव्हती. तांब्याची तार म्हणत नाही मी. ‘हे दिसलं तर अमक्यानं तमकं करायचं’ ही तार.

म्हणून कॅमेरे मोजण्यापेक्षा मी एक खोली मागतो. एकाच खोलीत कॅमेऱ्यांचे पडदे, दिव्यांचं पॅनेल, माइक, अग्निशमनवाल्यांचा माणूस, पोलीस, डॉक्टर. आणि माइकचं बटण दाबायला कुणाची परवानगी लागता कामा नये. मोबाईलवर भिस्त ठेवायची नाही. तीस-चाळीस हजार फोन एकाच जागी आले की जवळच्या मनोऱ्याचे मार्ग भरून जातात, आणि संकटात तर प्रत्येकजण घरी फोन लावतो. वायरलेस संच वेगळे हवेत, आणि प्रत्येक खात्याचा गट वेगळा. एकाच वाहिनीवर पन्नास जण बोलू लागले की कुणीच बोलत नाही. काँक्रीटच्या जिन्याखाली हे संच मुके होतात. तिथं जाऊन बोलून बघावं लागतं, नकाशावर ते कळत नाही.

दारांचा हिशेब तर शाळकरी मुलानं करावा इतका सोपा आहे. एका माणसाची झडती घ्यायला दहा सेकंद धरा, म्हणजे एका रांगेतून मिनिटाला सहा माणसं. तीस हजार प्रेक्षक दीड तासात आत घ्यायचे तर मिनिटाला ३३३, म्हणजे ५६ रांगा. तुम्ही वीस ठेवल्यात तर उरलेली माणसं जातील कुठं? रस्त्यावर साठतील. बाहेर पडण्याचंही असंच. ब्रिटनमधल्या मैदानांच्या मार्गदर्शक पुस्तकात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं आणि बाहेर पडायला जास्तीत जास्त आठ मिनिटं, असा हिशेब आहे. दहा हजारांच्या स्टँडला त्यानुसार पंधरा मीटरहून अधिक रुंदीच्या वाटा लागतात. जिना असेल तर आणखी. विजेवर चालणारं कुलूप असेल तर ते वीज जाताच उघडलं पाहिजे, बंद होता कामा नये. १९८५ मध्ये इंग्लंडातच ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागली तेव्हा मागची दारं कुलूपबंद होती. ५६ माणसं गेली. फुकट्यांना अडवायला लावलेली कुलपं तिकीट काढलेल्यांना अडवत होती.

आणि बाहेरच्या रस्त्याचं काय? गर्दी किती दाट झाली हे कॅमेऱ्याला आता मोजता येतं. चार पाट जोडून मांडले तर होते साधारण तेवढ्या जागेत चार माणसं असतील तर ठीक. सहा-सात झाली की माणूस स्वत:च्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला पाण्यासारखी वाहून नेते. ४ जून २०२५ ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांपाशी विजयोत्सवाच्या गर्दीत ११ जणांचा जीव गेला. दोष कुणाचा हे ठरवणं माझं काम नाही. पण ती बातमी वाचल्यावर मी माझे जुने आराखडे काढून पाहिले. एकूणएक आराखड्यात माझी रेघ कुंपणाच्या भिंतीशी संपली होती. कर्णे सगळे आत तोंड करून. तिकीट काढून आत बसलेल्याला सूचना, आणि दाराशी चिरडत असलेल्याला काही नाही. रस्ता महापालिकेचा, बंदोबस्त पोलिसांचा, मैदान संघटनेचं. मग बाहेर तोंड केलेला कर्णा कुणाच्या खर्चात धरायचा? या एका वाक्यावर मी तासन् तास बैठका अडलेल्या पाहिल्या आहेत. कर्णा काही हजारांचा असतो.

आता मी निवृत्त आहे, पण एखादं नवं मैदान तयार झालं की जुनी मंडळी चाचणीला बोलावतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणी गेलो. दिवे झकास, बटण दाबताच लागणारे. तरुण इंजिनिअरनं मला रंग बदलून दाखवले, गाण्याच्या तालावर दिवे नाचवून दाखवले. मी म्हटलं, ‘छान. आता मेन पाड.’ तो म्हणाला, ‘सर, सगळीच?’ ‘सगळीच.’

त्यानं पाडली. जिन्यांवरचे दिवे टिकले. मैदान काळं झालं. मी माइकवाल्याला कागद दिला होता, तो वाचायला लागला. मी पाहऱ्यावरच्या वॉचमनला सगळ्यात वरच्या रांगेत नेऊन बसवलं होतं. साठीचा माणूस, एका कानानं थोडं कमी ऐकणारा. त्याच्यासारखा परीक्षक शोधून मिळत नाही. रिकाम्या स्टेडियममध्ये आवाज फिरून फिरून येत होता. कागद वाचून झाल्यावर मी वर चढून गेलो आणि विचारलं, ‘काय ऐकू आलं, मामा?’

त्यांनी विचार केला. ‘दार म्हणाले. कुठलं तरी दार. सात म्हणाले का आठ, ते नाही समजलं.’

रंगांच्या पाट्या अजून लागल्या नव्हत्या, म्हणून माइकवाल्यानं कागदावरचा रंग सोडून आकडा वाचला होता. इंजिनिअरनं वहीत लिहून घेतलं. वरच्या रांगेचे चार कर्णे काढून खाली आणायचे आणि पाट्या आधी लावायच्या, असं ठरलं. पुढच्या मंगळवारी पुन्हा मेन पाडायची होती. मामांना मी सांगून ठेवलं, त्या दिवशी सुट्टी घेऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)